खोट आधी सांगावी

छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु जुनी नाणी जमविणाऱ्यांच्या जगात जमविण्याइतकेच विकणेही चालते. एकाकडे एकच नाणे दोनदा आलेले असते, दुसऱ्याला नेमके तेच हवे असते. एक कोल्हापूरचा, तर दुसरा नागपूरचा. ओळखदेख नाही, दुकान नाही, पावती नाही. मोबाइलवर जाहिरात द्यायची आणि टपालाने नाणे पाठवायचे. तरीही हा व्यवहार सुरळीत चालतो, तो काही अलिखित नियमांवर. दोन वर्षे या छंदात घालविल्यावर मला ते जसे समजले, तसे येथे मांडीत आहे.

विकणाऱ्याने नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन व साल द्यावे. सालाचे महत्त्व नवख्याला कळत नाही. ब्रिटिश अमदानीतील १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. तेव्हा झिजून साल पुसट झाले असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते. कडेला ओरखडा असेल, दागिन्यात ओवण्यासाठी भोक पाडून पुढे ते बुजविले असेल, तर तेही विचारण्याआधी सांगायचे.

दुसरा नियम आपल्या घरच्या सवयीच्या अगदी उलट आहे. तांब्याचे भांडे चिंचेने घासून लख्ख करणे ही आपली रीत. पण शिवराईसारखे तांब्याचे नाणे घासले, की त्याच्यावर वर्षानुवर्षे चढलेला गडद थर जातो, अक्षरेही झिजतात आणि किंमत घटते. घासलेले नाणे विकण्यात गुन्हा नाही. 'घासलेले आहे' हे न सांगण्यात आहे.

तिसरा नियम भावाचा. माझे वडील शेतकरी. बैलबाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. तिसऱ्याला काही कळत नाही. नाण्यांच्या जाहिरातीत मात्र किंमत उघड लिहायची. प्रथम जो 'घेतो' म्हणेल, नाणे त्याचे. मागाहून कोणी जास्त देऊ केले तरी शब्द फिरवायचा नाही. घेणाऱ्यानेही 'घेतो' म्हणून गप्प बसायचे नाही. टपालाचा व विम्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच ठरवावे. दुसऱ्याच्या जाहिरातीखाली 'याहून स्वस्त मिळते' असे लिहिणे अशिष्ट मानतात. महाग वाटले तर घेऊ नये. मात्र नाणे बनावट वाटत असेल, तर पुराव्यासह बोलणे हे कर्तव्यच.

काही नाणी मुळातच विकायची नसतात. नांगरताना किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांपूर्वीची नाणी परस्पर परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून 'हे कोठून आले?' हा प्रश्न अपमानाचा नव्हे.

हे नियम ठाऊक नसणाऱ्याचे काय होते? आमच्या आळीतील एका मावशींना कोणा अनोळखी माणसाचा फोन आला. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे शुल्क भरा, असे त्याचे म्हणणे. मावशींनी मला विचारले, म्हणून पैसे वाचले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच जाहीर केले होते, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती त्यासाठी शुल्क वा दलाली घेत नाही. विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा तो गिऱ्हाईक कसला?

बैलाची खोड लपवून विकणाऱ्याच्या दावणीकडे पुढच्या बाजारी कोणी फिरकत नाही, असे वडील म्हणतात. तेथे निदान बैलाचे दात तपासता येतात, त्याला चालवून पाहता येते. येथे घेणाऱ्याच्या हाती छायाचित्राखेरीज काही नसते. म्हणून जे त्याला दिसत नाही, ते विकणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगावे, हाच या साऱ्या नियमांचा अर्थ. परीक्षा संपल्यावर आपणही एकमेकांना जुनी पुस्तके विकतोच. कोणती पाने गळाली आहेत, ते पैसे घेण्याआधी सांगायला काय हरकत आहे?

(द्वितीय वर्ष कला)