काशीची देवस्थाने : दगड नवे, जागा जुन्या

सोडमुंजीच्या दिवशी काशीला निघालेल्या बटूला मामाने मुलगी देऊ करून माघारी फिरवावयाचे, आणि पुढे मुलाबाळांची लग्ने उरकून, शेतीवाडीचा कारभार थोरल्याच्या हवाली करून त्याच गृहस्थाने उतारवयात खरोखरीच काशीची वाट धरावयाची, असा महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचा शिरस्ता होता. आणि वाटेतील अरण्ये, पूर, ठग व पटकी यांतून सुखरूप परतलेला यात्रेकरू मावंदे घाली तेव्हा गंगेच्या पूजनाला अर्धा गाव लोटे. आज तोच प्रवास आगगाडीने सुमारे एका दिवसात आणि विमानाने काही तासांत उरकतो. परंतु नगरी प्राचीन, तेव्हा तिची देवालयेही तितकीच प्राचीन असणार, अशी एक समजूत आजचा यात्रेकरू सोबत घेऊन जातो, आणि श्रीविश्वनाथाचे देवालय अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधविले, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय त्याच्याहून सात शतकांनी वडील आहे, हे कळल्यावर त्याचा थोडासा हिरमोडच होतो. हा हिरमोड होऊ नये, आणि काशीत पाहावयाचे काय हे ध्यानात यावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच.

११९४ मध्ये घोरीच्या फौजांनी काशी लुटली, त्या वेळी तेथील देवालयांचा विध्वंस झाला. पुढील काही शतकांत विश्वेश्वराचे स्थान कधी ओस, कधी पुनश्च नांदते, असे राहिले; १५८५ च्या सुमारास अकबराचा दिवाण तोडरमल याच्या साह्याने नारायणभट्टांनी तेथे भव्य देवालय उभारविले, आणि १६६९ मध्ये औरंगजेबाच्या फर्मानाने तेही पाडले जाऊन त्या जागी ज्ञानवापीची मशीद झाली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे विश्वनाथाला शिखर नव्हते. अहिल्याबाईंनी लगतच्या जागेत जे बांधले तेच आजचे देवालय; त्याच्या शिखरावरील सोने पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात दिले, आणि ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडप १८२८ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई यांनी उभारला. या जागेसंबंधीचे दावे आजही न्यायालयांपुढे आहेत, आणि त्यांत या लेखास शिरावयाचे नाही.

आमच्या दृष्टीने या सर्व इतिहासातील अधिक चिंतनीय गोष्ट दगडांची नसून एका ग्रंथाची आहे. ज्या नारायणभट्टांचा उल्लेख वर आला, त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. वडील रामेश्वरभट्ट काशीला जाऊन स्थायिक झाले, आणि १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच नारायणभट्टांचे पणतू. नारायणभट्टांनी प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांच्या यात्राविधीवर ‘त्रिस्थलीसेतु’ नावाचा निबंध लिहिला, आणि त्यात, विश्वेश्वराचे लिंग जागेवर नसेल तर यात्रेकरूने काय करावे, हा त्या काळी केवळ तात्त्विक नसलेला प्रश्न निर्भयपणे हाती घेतला. त्यांचा निर्णय असा की, मूळ लिंग जाऊन कालवशात दुसरे स्थापिले गेले असेल तर जे असेल त्याची पूजा करावी; आणि परसत्तेच्या जुलमामुळे लिंगच उरले नसेल, तरी त्या स्थानाला नमस्कार, प्रदक्षिणा इत्यादी उपचार चालूच ठेवावेत; स्नानादी जे उपचार प्रत्यक्ष लिंगावरच व्हावयाचे, तेवढेच, आधार नाही म्हणून, गळावेत. धर्मशास्त्राच्या कोरड्या भाषेत लिहिलेल्या या निर्णयाचे महत्त्व फार मोठे आहे. कारण त्याने देवालयावर घाव घालणाऱ्याच्या हातून त्याच्या विजयाचा मोठा भाग काढून घेतला. दगड फोडता येतो, जागा फोडता येत नाही, हे ज्याने विधिनियमात गोवून ठेवले, त्या पंडिताला काशी समजली होती, असे आम्ही म्हणू.

ही दृष्टी घेऊन फिरू लागले म्हणजे काशीची देवस्थाने निराळी दिसू लागतात. कुठे घाटाच्या पायऱ्यांखाली, कुठे गल्लीच्या वळणावर भिंतीतल्या कोनाड्यात, कुठे तर एखाद्या वाड्याच्या ओसरीतच एखादे लिंग असते, आणि शेजारच्या घरातील बाई सकाळी त्यावर तांब्याभर पाणी घालते; स्कंदपुराणातील काशीखंडात ज्या शेकडो लिंगांची फेरिस्त दिली आहे, त्यांपैकी अनेक आज याच अवस्थेत नांदत आहेत.

या नगरीचा कारभारही एखाद्या जुन्या राज्यासारखा बांधलेला आहे. विश्वनाथ हा राजा; परंतु राजाकडे जाण्यापूर्वी वाटेवरच्या ढुंढिराज गणपतीला वंदन करावयाचे. जवळच अन्नपूर्णा. तिचे सध्याचे देऊळ थोरल्या बाजीराव पेशव्यांनी बांधविले असे सांगतात, आणि तिच्या सुवर्णमूर्तीचे दर्शन वर्षातून केवळ धनत्रयोदशीपासून अन्नकूटापर्यंतच्या काही दिवसांत होते. त्या वेळी प्रसाद म्हणून लाह्यांबरोबर नाणे मिळते, ते लोक तिजोरीत जपून ठेवतात. शहराचा बंदोबस्त कालभैरवाकडे. त्याला सारे काशीकर आजही ‘काशीचे कोतवाल’ म्हणतात आणि ही उपाधी थट्टेने मुळीच घेत नाहीत. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक तोडल्यावर ते कपाल भैरवाच्या हाताला चिकटले आणि काशीत आल्यावरच गळून पडले, अशी त्याची कथा. काशीत मरणाऱ्यावर यमाची हुकमत चालत नाही, त्याच्या पापपुण्याचा हिशेब भैरव घेतो, अशी श्रद्धा. म्हणून काशीत राहावयास आलेल्याने आधी कोतवालाकडे रुजू व्हावे, अशी रीत पडली. तेथे गाभाऱ्यात चांदीचा मुखवटा तेवढा दिसतो, पुजारी मोरपिसांच्या कुंच्याने भक्ताच्या पाठीवर हलकेच मारतो आणि मनगटात काळा गंडा बांधतो. मोठ्या देवळाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहून थकलेल्या माणसाला येथे, त्या अरुंद चौकात आणि कुत्र्यांच्या वावरात, काशीचा अधिक जवळचा परिचय होतो, असे आमचे मत आहे.

मराठी वाचकाला विशेष आपलेपणा वाटावा अशी जागा म्हणजे उत्तरेकडील पंचगंगा घाट. काशीचा विष्णू जो बिंदुमाधव, त्याचे जुने देवालय १६६५ मध्ये फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले. पुढे तेही औरंगजेबाच्या काळात पडले आणि तेथे मशीद झाली. परंतु त्या मशिदीचे आकाशाला भिडलेले मनोरे, जे आता उरलेले नाहीत, त्यांना काशीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘बेनीमाधव का धरहरा’ असेच म्हणत आले. देव हलला तरी जागेने त्याचे नाव सोडले नाही. बिंदुमाधवाचे सध्याचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधले. बाहेरून ते घरासारखेच दिसते, आणि वर गेल्यावर खिडकीतून गंगेचे मोठे वळण नजरेत मावत नाही. कार्तिकात या घाटावर बांबूच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदीप लावतात. येथून दक्षिणेकडे नावेने येऊ लागले की भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट अशी आपल्याच इतिहासाची पाने उलगडत जातात. बायजाबाईंनी बांधविलेला शिंदे घाट स्वतःच्याच वजनाने खचला, आणि पाण्यात कललेले रत्नेश्वराचे देऊळ त्याच्याच शेजारी उभे आहे. अहिल्याबाईंच्या या साऱ्या धर्मकृत्यांचा पैसा दौलतीच्या खजिन्यातून नव्हे, त्यांच्या खासगीतून येई, हेही नोंदविण्याजोगे.

तथापि काशी मराठ्यांनीच सजविली असा अभिमान बाळगणे हास्यास्पद होईल. केदार घाटावरील केदारेश्वराची व्यवस्था सतराव्या शतकातील तमिळ शैव संत कुमारगुरुपर यांच्या परंपरेच्या मठाकडे आहे, आणि तेथे पहाटे गेले तर कानांवर अधिक करून तमिळ, तेलुगू आणि बंगालीच पडते. तेथील लिंग घडीव नसून ओबडधोबड शिळेसारखे आहे; काशीचे जे तीन खंड मानतात त्यांपैकी दक्षिणेकडील खंडाचा हा अधिपती, आणि त्याच्या खंडात राहणारे कित्येक जण विश्वनाथापेक्षा याच्याकडेच अधिक वेळा जातात. विशालाक्षीचे देवस्थान नाट्टुकोट्टै चेट्टियार व्यापाऱ्यांच्या देखरेखीखाली आहे, आणि याच समाजाच्या छत्रातून विश्वनाथाच्या पूजेचे साहित्य ‘शंभो’च्या गजरात मिरवीत नेले जाते. ललिता घाटावर नेपाळच्या राजघराण्याने उभारलेले लाकडी पशुपतिनाथाचे देऊळ आहे, ज्याचे कोरीवकाम सावकाश पाहावे. दुर्गाकुंडावरचे गेरूने रंगविलेले तांबडे देवालय बंगालमधील नाटोरच्या राणी भवानी यांचे. तुळशीदासांशी नाते सांगणाऱ्या संकटमोचन हनुमानाकडे मंगळवारी व शनिवारी सारे शहर लोटते. बेसनाचे लाडू आणि चैत्रातली रात्र-रात्र चालणारी गायनवादनाची मैफल ही त्या स्थानाची ख्याती. आणि हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील नवे विश्वनाथ मंदिर, ज्याची पायाभरणी मदनमोहन मालवीयांच्या हयातीत १९३१ मध्ये झाली आणि जे १९६६ मध्ये पुरे झाले, तेथे जातिभेद न पाहता सर्वांस प्रवेश हे प्रारंभापासूनचे धोरण. विसाव्या शतकातले बांधकाम म्हणून त्याला नाके मुरडणाऱ्यांनी अहिल्याबाईंचे बांधकामही एके काळी नवेच होते, हे आठवावे.

आता विश्वनाथाच्या परिसराविषयी. १९८३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कायदा करून देवस्थानचा कारभार ताब्यात घेतला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये गंगेच्या काठापासून देवळापर्यंत प्रशस्त मार्ग खुला झाला, ज्यासाठी सुमारे तीनशे इमारती विकत घेऊन हटविण्यात आल्या. त्या घरांच्या भिंतींत बुजून गेलेली कित्येक लहान देवळे यामुळे उजेडात आली, आणि वृद्ध, अपंग यात्रेकरूंची चेंगराचेंगरीतून सुटका झाली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु फुलवाले, पेढेवाले, बांगड्यांची दुकाने, बैल आणि सोवळ्यातले भटजी यांच्यामधून वळणे घेत अकस्मात देवापुढे येऊन ठेपण्याचा जो अनुभव ती अंधारी गल्ली देई, तो या दगडी पटांगणात मिळत नाही. सोय झाली, गल्ली गेली. दोन्ही खरे.

यात्रेकरूला दोन-चार व्यावहारिक सूचना. विश्वनाथाकडे मंगला आरतीच्या सुमारास, म्हणजे पहाटे तीनच्या पुढे, अथवा दुपारी उशिरा जावे. सोमवार, श्रावण आणि शिवरात्र टाळता आल्यास टाळावी. भ्रमणध्वनी, कातडी वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात. घाटावर छत्रीखाली बसलेल्या घाटियांशी संकल्पाच्या आधीच दक्षिणा ठरवून घ्यावी, संकल्प सुटल्यावर घासाघीस करू नये. आणि आपल्या घराण्याचा तीर्थपुरोहित सापडलाच तर त्याची जुनी वही अवश्य उघडवावी, कारण तीत पणजोबांची मोडी लिपीतील सही निघण्याचा संभव असतो.

सवड असेल त्याने पंचक्रोशीची परिक्रमा करावी. ज्ञानवापीवर संकल्प, मणिकर्णिकेवर स्नान, आणि मग कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर व कपिलधारा असे पाच मुक्काम करीत सुमारे ऐंशी किलोमीटर, वाटेतील १०८ देवस्थाने उजव्या हाताला ठेवून चालावयाचे. अखेरीस साक्षीविनायकापुढे जाऊन यात्रा पुरी झाल्याची हजेरी नोंदवावयाची. अधिक महिन्यात या वाटेवर गर्दी असते, एरवी ती शांत असते.

एवढे करणे ज्यांना शक्य नाही त्यांनी निदान पहिला मुक्काम, कंदवा गावचा कर्दमेश्वर, चुकवू नये. शहराच्या नैऋत्येस, तलावाच्या काठी असलेले हे लहानसे देवालय साधारणतः बाराव्या शतकातले, गाहडवाल राजांच्या काळचे मानले जाते. त्याच्या बाह्यभिंतींवरील मूर्ती अजून जागच्या जागी आहेत, आणि काशीच्या परिसरात त्या काळचे उभे राहिलेले देवालय म्हणून याच्या तोडीचे दुसरे क्वचितच दाखविता येईल. जुना दगडच पाहण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी विश्वनाथाच्या दारी हिरमुसण्यापेक्षा एक सकाळ रिक्षा करून तिकडे जावे.