जड बॉल, फास्ट थ्रो आणि आमच्या रूममेटचं कोपर

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की हात जरा आखडतो. पण या लेखाचा विषयच आखडलेला हात आहे, म्हणून हिंमत केली. चूकभूल माफ असावी.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. टूर्नामेंट तोंडावर आली होती. माझा रूममेट बाउंड्रीवर फिल्डिंग करतो. कॅच सोडत नाही, पण थ्रो कीपरपर्यंत दोन टप्पे खात जायचा. मी त्याला ज्ञान दिलं, "अमेरिकेत बेसबॉलवाले जड बॉल फेकून वेग वाढवतात." झालं! टेनिस बॉलला चीर पाडली, फिटिंग शॉपमधला लोखंडाचा कीस भरला, सायकलचं पंक्चर सोल्यूशन लावलं. लॅबमध्ये वजन केलं तर २८५ ग्रॅम. हॉस्टेलमागच्या भिंतीवर रोज साठ थ्रो सुरू. दोन आठवड्यांनी साहेब म्हणाले, "अबे, आता बॉल गोळीसारखा जाते!" तिसऱ्या आठवड्यात ते बाथरूमची बादली डाव्या हाताने उचलू लागले.

आता यामागचं मेकॅनिक्स बघू. थ्रो करताना हात आधी मागे जातो, खांदा मागे वळतो आणि पंजा पार पाठीमागे लोळतो. शेतातली गोफण आठवा. हात जितका जास्त मागे, तितकं बॉलला ढकलायला अंतर जास्त. बारावीचं सूत्र आहेच: व्ही वर्ग बरोबर टू ए एस. जड बॉलच्या सरावाने खांद्याचं हे मागे वळणं वाढतं. हलक्या बॉलने हात झपकन फिरायला शिकतो. म्हणून जड आणि हलके, दोन्ही वापरतात.

पण मागे जाणारा हात अडवतो कोण? काही स्नायू आणि कोपराच्या आतल्या बाजूचा एक छोटासा लिगामेंट. मोठ्या पिचरच्या कोपरावर एका थ्रोला सुमारे ६४ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा एकटा लिगामेंट याच्या जवळपास निम्म्या टॉर्कलाच तुटला. बाकीचा भार स्नायू घेतात. म्हणजे स्नायू थकले की भार जातो लिगामेंटवर. आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, लिगामेंटला फार वेळ लागतो. आपला वेग वाढतोय असं वाटतं, तेव्हाच आतली दोरी उसवत असते.

२०१८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १३ ते १८ वयाचे ३८ पिचर, सहा आठवडे. एका गटाने सुमारे ५७ ग्रॅमपासून ९०७ ग्रॅमपर्यंतचे बॉल वापरले, दुसऱ्याने नाही. पहिल्या गटाचा वेग सरासरी ३.३ टक्के वाढला. पण त्याच गटातल्या २४ टक्के मुलांना दुखापत झाली, दुसऱ्या गटात एकालाही नाही. एकाला तर कोपराच्या ऑपरेशनचा सल्ला दिला गेला.

त्याआधी हवाईच्या डीरेन यांनी फक्त २० टक्के जड आणि २० टक्के हलके बॉल वापरून वेग वाढवून दाखवला होता. क्रिकेटचा बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा. १६० धरला तर २० टक्क्यांत १२८ ते १९२ ग्रॅम बसतात. आमचा होता २८५!

आणि तो "गोळीसारखा" वेग? आम्ही मोबाईलवर शूटिंग करून काढला होता. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. पिचची २० मीटर लांबी पार करायला ०.६७ सेकंद. मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम घेत होता, म्हणजे एकूण २० फ्रेम. एक फ्रेम चुकली की ५ टक्के चूक. ३.३ टक्के वाढ अशा मोजणीत दिसणारच नाही. इंजिनीअर म्हणवून घेतो आणि लीस्ट काउंट विसरलो.

आपल्याकडचं उदाहरण उमेश यादवचं. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण कामगाराचा हा मुलगा लेदर बॉल हाती येण्याआधी कितीतरी वर्षं टेनिस बॉलनेच खेळला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी, २०११ मध्ये भारताकडून कसोटी. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, म्हणजे लेदर बॉलच्या जेमतेम एक तृतीयांश. बॉलिंग आणि थ्रो वेगळे, हे मान्य. पण वेगाची सुरुवात लोखंडाच्या किसापासूनच करायला पाहिजे असं नाही, एवढं तर कळतं.

तरी कोणाला करायचंच असेल तर कोचला विचारून करा. बॉल थोडाच जड ठेवा, थ्रो मोजून टाका, मधे सुट्टी घ्या आणि आधी पाय-कंबर मजबूत करा, कारण थ्रो तिथूनच सुरू होतो. कोपर आतून दुखलं तर त्याच दिवशी थांबा. "होईल बरं" म्हणू नका. आम्ही तेच म्हणालो होतो.

डॉक्टरांनी रूममेटला सहा आठवडे थ्रो बंद सांगितले. टूर्नामेंटमध्ये तो स्कोअरर म्हणून बसला. मला एका शब्दाने बोलला नाही. तो बॉल अजून आमच्या खिडकीत आहे, कागद उडू नयेत म्हणून. सॉरी म्हणायचं राहूनच गेलं होतं, ते इथे म्हणतो.