मोटेवाडीच्या माळावरच्या फ्रेंच वेली

रेणापूरहून लातूर गाठायचं आणि टेंभुर्णीचा रस्ता धरायचा. मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी अशी गावं मागे टाकत चार-पाच तासांत अकलूज येतं. सोयाबीन आणि तुरीचा पट्टा वाटेत कधी सरला ते कळत नाही. उजनीच्या आणि नीरेच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस दोन्ही बाजूंनी सुरू होतो. पण सोलापूर जिल्ह्यातल्या या गच्च उसाच्या माळशिरस तालुक्यातच हलक्या, मुरमाड, चढउताराच्या जमिनीही आहेत. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव या गावांच्या शिवारात अशाच जमिनींवर द्राक्षाच्या रांगा उभ्या आहेत, एकूण सुमारे २४० एकर. ही खाण्याची द्राक्षं नाहीत. काबेर्ने सोविन्यों, मर्लो, शिराझ, सांजोवेझे अशी त्यांची नावं. यांतली बहुतेक फ्रान्सची, सांजोवेझे इटलीचं. साडेतीन लाखांच्या आसपास कलमं थेट फ्रान्सच्या रोपवाटिकांतून इथं आणून लावली गेली.

‘फ्रातेल्ली’ या नावानं ओळखली जाणारी ही वाईनची बाग लातूर-नांदेडकडच्या माणसाला नाशिकपेक्षा कितीतरी जवळची आहे, तरी आपल्याकडे तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. वाईन म्हटलं की सगळे नाशिकच सांगतात. ते साहजिकही आहे. नाशिक, दिंडोरी, निफाडचा पट्टा मोठा आहे आणि ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण नाशिकची हवा, पाऊस आणि धरणं वेगळी. सोलापूर जिल्ह्याचं ऊन आणि पाण्याची ओढाताण आपल्यासारखी आहे. म्हणून रेणापूरच्या शेतकऱ्यानं बघायचंच असेल, तर आधी मोटेवाडी बघावी असं माझं स्पष्ट मत आहे.

हा उद्योग तीन घरांतल्या भावांनी मिळून उभा केला. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, इटलीचे आंद्रेआ आणि अलेस्सिओ सेच्ची. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, त्यावरून हे नाव. २००७च्या आसपास लागवड सुरू झाली. बागेची आणि वाईनची आखणी टस्कनीच्या पिएरो मासी यांनी केली. शंकरराव मोहिते-पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा करून ज्या भागाचं अर्थकारण उसावर बसवलं, त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीनं उसाला नको असलेल्या जमिनीत वाईनचा वेल लावला. अकलूजच्या शेतीच्या इतिहासात या घटनेला मी मोठं स्थान देईन.

उसाला नको असलेली जमीन वाईनला का हवी, हे समजायचं तर फ्रान्सच्या बोर्दो भागाकडे बघावं लागतं. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येऊन जिरोंद नावाची रुंद खाडी होते आणि अटलांटिकला मिळते. खाडीच्या डाव्या तीरावर मेदोक नावाचा पट्टा आहे. त्यातल्या पोयाक गावाशेजारी ‘शातो लातूर’ ही बाग आहे. उच्चार आपल्या जिल्ह्याचाच, नात्याचा काही संबंध नाही. शातो म्हणजे स्वतःची बाग असलेलं आणि तिच्याच द्राक्षांची वाईन करणारं घराणं. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या लाल वाईनची प्रतवारी लागली. तेव्हा पहिल्या प्रतीत लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ ही चारच नावं होती. पुढे १९७३ साली मूतों रोतशिल्ड या पाचव्या बागेला तिथं बढती मिळाली. एवढा एक बदल सोडला, तर पहिली प्रत आजही तीच आहे.

शातो लातूरची सगळ्यांत मोलाची वाईन वाड्याभोवतालच्या ४७ हेक्टरांतून येते. त्या तुकड्याला ‘लाँक्लो’ म्हणतात. सुमारे ११६ एकर, म्हणजे मोटेवाडी-गारवाडच्या बागेच्या निम्म्याहून कमी. जमीन कशी आहे? वर गोट्यांचा आणि खड्यांचा जाड थर, खाली चिकणमाती. आपल्याकडचा शेतकरी ती पाहून नाक मुरडेल. पण खड्यांतून पाणी झरझर निघून जातं, दिवसाचं ऊन खडे धरून ठेवतात आणि मुळांना ओलीसाठी खोल जावं लागतं. वेलीला वरच्या वर पाणी मिळालं तर ती पाला वाढवते, मणी फुगवते, रस पातळ होतो. थोडी ओढ बसली की मणी लहान राहतात आणि रसाच्या मानानं सालीचं प्रमाण वाढतं. लाल वाईनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा स्वाद सालीतच असतो. म्हणून बोर्दोच्या मानाच्या बागांना ठिबक लावून पाणी देण्याची मोकळीक नाही. पाऊस देईल तेवढ्यावर भागवायचं, अपवादाला परवानगी घ्यायची.

तो नियम दख्खनच्या माळावर लागू करता येणार नाही. पावसाळा संपला की इथं महिनोन् महिने थेंब पडत नाही आणि उन्हाळा वेल जाळून टाकेल असा. त्यामुळे मोटेवाडीत ठिबक आहेच. पण त्यामागचा विचार बोर्दोचाच: वेल जगेल, पण माजणार नाही, एवढंच पाणी. खाण्याच्या द्राक्षाला जोमदार वाढ हवी, मण्याला जाडी हवी, त्यासाठी संजीवकांचे हात द्यावे लागतात. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, काळाभोर, जाड सालीचा, बियांचा. एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवलेलं. बाजारात पाटी मांडली तर गिऱ्हाईक चाखून पुढे जाईल. सोनाका ही लांब मण्यांची जात ज्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला निवडून निघाली, त्याच जिल्ह्यात द्राक्षाचा हा अगदी उलटा विचार रुजवणं सोपं गेलं नसणार.

छाटणीतला फरक त्याहून मोठा आहे. फ्रान्समध्ये थंडी वेलीची पानं उतरवते, वेल झोपते, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोड. आपल्याकडे वेल झोपतच नाही. नुसती सोडली तर ती वाढत राहील आणि घड धरायचा विसरेल. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी. सगळ्या काड्या मुळाशी कापून टाकायच्या. कडक उन्हात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते. पावसाळा संपत आला की फळछाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना रसायनाचा बोळा फिरवायचा. मग थंडीत घड भरतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये वाईनची तोड होते. बोर्दोत वेली उघड्याबोडक्या, गारठलेल्या उभ्या असतात, त्याच आठवड्यांत मोटेवाडीत पहाटेच्या गारव्यात घड उतरवले जात असतात. फ्रेंच वेलीला दख्खनचं वेळापत्रक शिकवणारी ही कात्री महाराष्ट्राच्या द्राक्षमजुरांच्या हातात आहे. बाहेरून कितीही नामांकित वाईनतज्ज्ञ येवोत, हे काम त्यांना येत नाही.

आपल्याकडे द्राक्षाला सतावणारे डावणी आणि भुरी हे दोन्ही रोग तिकडेही आहेत. आणखी एक समानता मुळांत आहे. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. ती कीड अमेरिकेतून आली होती, आणि उपायही तिथूनच आला. अमेरिकन रानद्राक्षाच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचं. तेव्हापासून बोर्दोच्या मानाच्या वेलीही परक्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडेही डॉगरिजसारखे अमेरिकन खुंटच लावतात, मात्र कीड हे त्याचं कारण नाही. खारवट पाणी आणि दुष्काळ सोसायला ते खुंट बरे पडतात.

तोडलेले घड वाईनरीत येतात, देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढऱ्या वाईनसाठी रस लगेच सालींपासून काढून घेतात. लालसाठी साली, बिया आणि रस एकत्र टाकीत ठेवतात. किण्व साखरेचं अल्कोहोल करतं, आणि त्या दिवसांत रंग व तुरटपणा रसात उतरतो. साली सतत वर तरंगून त्यांचा थर बसतो, म्हणून खालचा रस काढून वरून ओततात किंवा थर दाबून बुडवतात. पुढे चांगल्या प्रतीची वाईन फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरायला जाते. बोर्दोचं पिंप २२५ लिटरचं. ओक हवेला अगदी बारीक वाट देतो आणि कोवळी, करकरीत वाईन हळूहळू मऊ होते. फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ नावाची लाल वाईन याच पद्धतीची, सांजोवेझे आणि काबेर्ने सोविन्यों यांच्या मिश्रणातून सुरू झालेली.

फ्रान्सशी मोटेवाडीचा संबंध कलमांपुरता राहिलेला नाही. बर्गंडीत जन्मलेल्या आणि अमेरिकेतही बागा चालवणाऱ्या ज्याँ-शार्ल ब्वासे यांनी इथल्या द्राक्षांपासून ‘जनून’ ही वाईन केली. स्टीव्हन स्परिअर यांनीही मासींच्या जोडीनं इथं वाईन घडवली. स्परिअर हे पॅरिसमध्ये वाईनचं दुकान चालवणारे इंग्रज. २४ मे १९७६ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना बाटलीवरचं नाव झाकून वाईन चाखायला दिली. लाल वाईनमध्ये कॅलिफोर्नियाच्या ‘स्टॅग्ज लीप’च्या १९७३च्या काबेर्नेनं मूतों आणि ओ-ब्रियाँ यांना मागे टाकलं. चांगली वाईन फ्रान्सबाहेर होत नाही, हा समज त्या दिवशी मोडला. तोच माणूस उतारवयात माळशिरस तालुक्यात येऊन वाईन करतो, ही बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यायला हवी होती.

मराठवाड्याला परदेशी वाईन अगदीच परकी नव्हती. ढोकीहून फाटा फुटतो त्या तेरचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरहून भडोचच्या बंदराला कापड जात असल्याची नोंद आहे. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाईन आहे, आणि सगळ्यांत जास्त मागणी इटालियन वाईनला असल्याचं लिहिलं आहे. आपलं कापड ज्या व्यापारात होतं, त्याच व्यापारात ती वाईन होती.

आता अडचणीची बाजू. खाण्याचं द्राक्ष विकलं गेलं नाही तर त्याचा बेदाणा होतो. वाईनचं द्राक्ष वाईनरीनं घेतलं नाही तर ते कुठंच जात नाही. राज्यानं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, अनेकांनी बागा लावल्या. दशकाच्या अखेरीस मंदी आली आणि माल पडून राहिला. ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञान आणून भारतीय वाईनची वाट पाडणारा नारायणगावचा शातो इंडाजही त्याच सुमारास आर्थिक अडचणीत सापडला. पुष्कळ शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षं लावली. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, त्याला तीव्र विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांची काळजी खरी आहे. दारूनं मोडलेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. म्हणून रेणापूरच्या माळावर उद्या वाईनची द्राक्षं लावा, असं मी कुणालाही सांगणार नाही. खरेदीचा लेखी करार हातात नसताना तर मुळीच नाही.

पण २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलेल्या लातूर जिल्ह्यात, पाणी मोजून देण्यातूनच मालाची प्रत वाढते असं पीक डोळ्यांनी बघणं मोलाचं आहे. हवामान बदलाचा धडा तर बोर्दोलाही गिरवावा लागतो आहे. उन्हाळे तापू लागल्यामुळे २०२१ साली तिथल्या साध्या बोर्दो वाईनसाठी सहा नव्या जातींना परवानगी मिळाली. त्यात काबेर्ने आणि ग्रनाश यांच्या संकरातून १९६१ साली तयार झालेली मार्सलान आहे, पोर्तुगालची तूरिगा नासिओनालही आहे. शेकडो वर्षांची परंपरा असलेला भाग जात बदलायला तयार होतो. ऊस आणि सोयाबीन यांच्यापलीकडे बघायला आपल्यालाही हरकत नसावी.

जायचं तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जावं. घड वेलीवर असतात आणि वाईनरीत काम चालू असतं. बाग आणि वाईनरी दाखवण्याची, राहण्याची सोय आहे, मात्र आधी नोंदणी करूनच निघावं. वाईन घ्यायची नसली तरी बाग बघायला काहीच आडकाठी नाही. परतताना वेळापूरचं यादवकालीन अर्धनारीनटेश्वराचं मंदिर बघता येतं, आणि पंढरपूर तिथून तासाभराच्या आत आहे.