हाणामारीपेक्षा कर्मा भारी!

सुपरहिरो व्हायला मोबाइल कशाला? कागद, पेन्सिल, दहा बाजूंचे दोन फासे आणि चार मित्र पुरेत! अमेरिकेतल्या टीएसआर कंपनीनं १९८४ मध्ये ‘मार्व्हल सुपर हीरोज’ हा बैठा खेळ आणला. जेफ ग्रब यांनी तो रचला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे हिरो होतात. ताकद, चपळाई, बुद्धी अशा सात गुणांना दर्जे असतात. फासे टाकून तक्त्यात रंग बघायचा. पांढरा आला की डाव फसला. हिरवा, पिवळा, लाल म्हणजे चढतं यश.

फासे नाहीत? ० ते ९ च्या चिठ्ठ्या करा. एक काढा, परत टाका, पुन्हा काढा. पहिली दशक, दुसरी एकक. दोन्ही शून्य म्हणजे १००!

खरी गंमत ‘कर्मा’ गुणांची. माणसं वाचवली की ते वाढतात आणि अडीअडचणीला फाशांच्या आकड्यात मिळवता येतात. हिरोनं कुणाचा जीव घेतला तर सगळे गुण शून्य!

आता डाव महाडमध्ये मांडा. जुलै २०२१ सारखा पूर, सावित्रीचं पाणी बाजारपेठेत. खलनायक पोलादपूरकडे पळतोय आणि समोरच्या गच्चीवर माणसं अडकलीत. आधी कुठं जाल? पूर बघितलेल्या आपल्या पोरांना फासे टाकायच्या आधीच उत्तर माहितीये. खलनायक काय, उद्याही सापडेल.