तळ्यातला रोहू ताटात येण्याआधी

उत्तन-पालीचा ताजा बोंबील खाऊन वाढलेल्या मीरा-भाईंदरकराला तळ्यातला मासा ‘मातकट’ लागतो, आणि तक्रार खरी आहे. हा वास चिखलाचा नसतो. पाण्यातले काही जिवाणू आणि निळे-हिरवे शेवाळ जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात. ते माशाच्या कातडीत आणि चरबीत साठते. आंबटामुळे ते मोडते. म्हणून कातडी काढून तुकड्यांना चिंच, कोकम किंवा लिंबू भरपूर चोळावे.

रोहू, कटला, मृगळ यांच्या मांसात बारीक दुफाटी काटे असतात. मुलांना मरळ द्यावी, तिच्यात असे काटे नसतात.

साफ करताना हिरवट पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. रोहू-कटल्याचे पित्त औषध म्हणून गिळणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत, आणि शिजवल्याने हे विष जात नाही. परजीवी मात्र आचेने मरतात: आतपर्यंत 63 अंश सेल्सिअस, म्हणजे मांस काट्यापासून सहज सुटेपर्यंत. नुसता लिंबूरस पुरत नाही.

गळाला मिशाळ थाई मांगूर लागला, तर तो घरी आणू नये, पुन्हा पाण्यातही सोडू नये. देशी माशांचा फडशा पाडणाऱ्या या जातीवर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली.

आणि विसर्जनाचा किंवा सांडपाणी मिसळणारा तलाव असेल, तर गळ टाकण्याची हौस भागवा. जेवणासाठी मासा बाजारातूनच घ्या. मूर्तींच्या रंगांतून माशात गेलेले शिसे धुऊन किंवा शिजवून जात नाही.