उपग्रह फोटो पाठवतो, पण ढग वाचावा लागतो माणसालाच!

"पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता." मोबाईलवर असा मेसेज आला की खळ्यावरचं सोयाबीन झाकायला धावपळ सुरू होते. कधी पाऊस येतो, कधी नुसतीच हूल देतो. मग पारावर चर्चा रंगते, एवढे उपग्रह वर सोडले, तरी अंदाज चुकतोच कसा?

उत्तर सोपं आहे. उपग्रह अंदाज देत नाही, तो फोटो देतो. फोटो वाचणं ही शिकायची विद्या आहे.

नवा उपग्रह काय करतो?

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'इन्सॅट-३डीएस' हा हवामान उपग्रह सोडण्यात आला. जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून तो सतत आपल्याच भागावर नजर ठेवतो. त्याचा कॅमेरा सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत फोटो घेतो. काही पट्ट्या उजेड टिपतात, काही उष्णता, तर एक हवेतली वाफ. २०१६ सालचा 'इन्सॅट-३डीआर' जोडीला आहेच. दोघं आळीपाळीने फोटो घेतात, म्हणून पाव तासाला नवं चित्र मिळतं.

मग चूक कुठे होते?

उष्णतेच्या फोटोत ढगाचा माथा जितका थंड, तितका तो पांढरा दिसतो. नवशिक्याला वाटतं, पांढरा म्हणजे पाऊस. पण खूप उंचावरचे विरळ, पिसासारखे ढगही पांढरेच दिसतात आणि त्यातून थेंबही पडत नाही. उलट पावसाळ्यात घाटमाथ्यावरचे बुटके ढग फोटोत मळकट दिसतात, पण झोडपून काढतात.

म्हणून हवामान तज्ज्ञांना शिकवलं जातं की एका फोटोवर विसंबू नका, लागोपाठचे फोटो बघा. ढगाचा माथा झपाट्याने थंड होत असेल, तर ढग वर चढतोय, गडगडाटाचा धोका आहे, हे ओळखा. रडारशी आणि जमिनीवरच्या नोंदींशी ताडून बघा.

आणखी एक गंमत. उपग्रह विषुववृत्ताच्या वर असल्यामुळे आपल्याकडे तिरपा बघतो. त्यामुळे उंच ढग खऱ्या जागेपेक्षा काही किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. हे माहीत नसेल तर इशारा एका गावाला आणि गारपीट शेजारच्या गावात, असं होऊ शकतं.

शिकवतात कुठे?

भारतीय हवामान विभागाची प्रशिक्षण संस्था आपल्या पुण्यातच आहे. उपग्रहाचे फोटो वाचणं हा तिथल्या शिक्षणाचा भाग आहे. उपग्रह बदलला की जुन्या जाणकारांनाही पुन्हा धडे गिरवावे लागतात. नवा ट्रॅक्टर आला तरी चालवणारा हात तयार व्हावाच लागतो, तसंच हे.

आपण काय लक्षात ठेवायचं?

हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. म्हणजे तुमचं शिवार कोरडं राहिलं म्हणून मेसेज खोटा ठरत नाही. गडगडाटी ढग तासाभरात तयार होतो, हाताशी वेळ थोडाच असतो. तेव्हा मेसेज आला की आधी गुरं-माणसं सुरक्षित जागी न्या, झाडाखाली थांबू नका. टिंगल नंतर करता येईल!