दोन झरोक्यांची गाडी

अपयशी ठरलेल्या यंत्रांच्या कहाण्या मी गोळा करतो. त्यांतली जेन्सन एफएफ ही इंग्लिश मोटार मनाला फार चटका लावते. 1966 च्या लंडन प्रदर्शनात ती आली, तेव्हा चारही चाकांना इंजिनाची शक्ती आणि चाक जाम होऊ न देणारे ब्रेक या दोन्ही गोष्टी तिच्यात एकत्र होत्या. ब्रेकची मॅक्सारेट यंत्रणा डनलॉपने मुळात विमानांसाठी घडवलेली. चारचाकी चालना हॅरी फर्ग्युसन यांच्या संस्थेची. ट्रॅक्टरमुळे आपल्याकडे ठाऊक असलेले फर्ग्युसन ते हेच. 1960 मध्येच ते वारले. ‘एफएफ’ म्हणजे ‘फर्ग्युसन फॉर्म्युला’.

इंटरसेप्टर ही तिची सख्खी बहीण. पुढच्या चाकामागे तिला एक झरोका, हिला दोन.

घोडे अडले ते मांडणीपाशी. स्टिअरिंग डावीकडे नेता येईना, म्हणजे अमेरिकेची बाजारपेठ गेली. त्यात किंमत भारी. 1971 पर्यंत जेमतेम 320 गाड्या बनल्या. ऑडी क्वात्रो आली 1980 मध्ये. आज तर साध्या मोटारीतही एबीएस असते. चुकले ते बाजाराचे गणित, यंत्राचे नव्हे.